सोलापूर जिल्ह्याचा थरांचा लाकडी नकाशा: उजनी कशी दाखवायची, थर किती घ्यायचे?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. वडील जलसंपदा खात्यातून निवृत्त होत आहेत आणि त्यांना सोलापूर जिल्ह्याचा थरावर थर चढवलेला लाकडी नकाशा द्यायचाय. उजनी धरण आणि भीमा नदी ठळक दिसायला हवी. मित्राच्या वर्कशॉपमध्ये ६० वॅटचं सीओटू लेझर मशीन आहे, टेबल ९०० बाय ६०० मिलिमीटरचं. दोनदा करून पाहिलंत. एकदा सगळा जिल्हा दोन-तीन थरांतच संपला. दुसऱ्यांदा बारीक तुकड्यांचा खच पडला, कुठला तुकडा कुठे बसतो ते कळेना आणि वर प्लायही वाकला. म्हणून प्लाय कुठला घ्यावा, पॉवर आणि स्पीड किती ठेवावं, असं विचारताय.

प्लायचं आणि पॉवरचं पुढे सांगते, पण तुमचं काम तिथे अडलेलं नाही. ते अडलंय मशीन सुरू करण्याआधी, दोन थरांमध्ये किती मीटरचं अंतर धरायचं या निर्णयापाशी. दोन्ही वेळचा घोळ एकाच कारणाने झालाय. आपला जिल्हा सपाट आहे, आणि तुम्ही पाहिलेली पद्धत डोंगराळ मुलखासाठीची आहे.

राजगड-तोरण्याचा परिसर घ्या. वीस किलोमीटरच्या चौकटीत सहज सात-आठशे मीटरचा चढउतार मिळतो. ती चौकट ६० सेंटिमीटरवर बसवली की प्लायचा ३ मिलिमीटरचा एक पत्रा म्हणजे जमिनीवरचे १०० मीटर. काहीही न फुगवता सात-आठ थर निघतात आणि नकाशा उठून दिसतो. सोलापूर जिल्हा पूर्व-पश्चिम सुमारे २०० किलोमीटर आणि दक्षिणोत्तर सुमारे १५० किलोमीटर. बहुतेक जमीन समुद्रसपाटीपासून ४०० ते ६०० मीटरच्या दरम्यान, शहर साधारण साडेचारशेवर. हा जिल्हा त्याच ६० सेंटिमीटरवर आणला की ३ मिलिमीटरचा पत्रा म्हणजे हजार मीटर. खऱ्या प्रमाणात केलं तर अख्खा जिल्हा एका पत्र्याच्या जाडीतही भरत नाही.

म्हणजे उंची फुगवावी लागणार, आणि चांगलीच. मी तुमच्या जागी असते तर प्रमाण १:३,५०,००० धरलं असतं. ६० बाय ४५ सेंटिमीटरमध्ये साधारण २१० बाय १५७ किलोमीटर बसतात. दर २० मीटरला एक थर आणि थराची जाडी ३ मिलिमीटर धरली की उंची आडव्या अंतरापेक्षा सुमारे पन्नास पट फुगते. आकडा ऐकून दचकू नका. सपाट प्रदेशाच्या उठावाच्या नकाशात हे करावंच लागतं, फक्त ते कोपऱ्यात स्पष्ट कोरा: ‘उंची सुमारे ५० पट वाढवून दाखवली आहे’. तुमच्या वडिलांनी लेव्हलिंगच्या नोंदी पाहण्यात नोकरी घालवली असेल तर ते ही ओळ सगळ्यात आधी शोधतील.

आता या नकाशात दाखवायचं काय, ते बघा. सह्याद्रीच्या नकाशात शिखरं बघतात. आपल्याकडे बघायचं ते खोरं. भीमा वायव्येकडून येते, आग्नेयेला जाते. पूर्वेकडून सीना जवळजवळ तिला समांतर धावते आणि हत्तरसंग-कुडलला भीमेला मिळते. नीरा नरसिंगपूरला मिळते. बार्शीकडच्या बालाघाटाच्या टेकड्या आणि सांगोला-माळशिरसकडची उंच जमीन हे या खोऱ्याचे काठ. तेव्हा ‘टेकडी कुठे चढवू’ असा विचार सोडा आणि ‘या पत्र्यातून खोरं किती कोरून काढू’ असा करा. तो केलात की कुठली समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणारी रेषा, तीच थराची कड) ठेवायची आणि कुठली पुसायची हे आपोआप ठरत जातं. नदीच्या दिशेने आत शिरलेली प्रत्येक खाच जपायची, माळावरचा एकटा ठिपका गेला तरी चालतो.

२० मीटरचं अंतर ठरलं, पण सुरुवात कुठून करायची यावर उजनीचं सगळं अवलंबून आहे. सवयीने आपण ४००, ४२०, ४४० असं घेतो. उजनीची पूर्ण संचय पातळी ४९६.८३ मीटर आहे. गोल आकड्यांत ती ४८० आणि ५०० यांच्या मध्ये पडते, आणि ५००ची रेषा जलाशयाच्या काठाच्या बरीच बाहेरून जाते, कारण इतक्या सपाट जमिनीवर तीन मीटरची उंची म्हणजे काठापासून बरंच अंतर. म्हणून मोजणी तीन मीटर खाली सरकवा: ४१७, ४३७, ४५७, ४७७, ४९७ आणि पुढे ६३७पर्यंत. आता एक थर बरोबर भरलेल्या धरणाच्या काठावर येतो. तळाचा अखंड पत्रा आणि त्यावर बारा थर, एकूण उंची ३९ मिलिमीटर. ६३७च्या वर जे काही असेल ते शेवटच्या थरातच राहू द्या आणि तसं सूचीत लिहा. चौकटीच्या पश्चिम कडेला शेजारच्या सातारा जिल्ह्याचे डोंगर येतील, त्यांच्यासाठी आणखी थर चढवलेत तर तो कोपराच सगळं लक्ष खाऊन टाकेल.

चौकटीवरून आठवलं. बाहेरची कड जिल्ह्याच्या हद्दीप्रमाणे कापायचा मोह होतो, आकार ओळखीचा असतो ना. पण उजनीचं पाणी एकट्या सोलापूरचं नाही. अलीकडे करमाळा, पलीकडे इंदापूर, वर कर्जत. हद्दीवर कापलंत तर यशवंत सागर, म्हणजे उजनीचा जलाशय, उभा चिरला जाईल, आणि ज्या माणसाने धरणाच्या खात्यात काम केलं त्याला अर्धा जलाशय भेट देणं बरं दिसत नाही. आयताकृती चौकट ठेवा आणि जिल्ह्याची हद्द बारीक रेषेने कोरा. थर जुळवतानाही चार काटकोन कोपरे फार उपयोगी पडतात.

आता उंचीच्या माहितीकडे. फुकट मिळणारे दोन-तीन स्रोत आहेत. अमेरिकी अंतराळयानाने फेब्रुवारी २०००मध्ये रडारने घेतलेला एसआरटीएम, युरोपचा कोपर्निकसचा ३० मीटरचा संच आणि आपल्या इस्रोच्या भुवनवरचा कार्टोसॅट. मी सध्या कोपर्निकसचा वापरते, सपाट जमिनीवर तो मला जास्त स्वच्छ वाटतो. पण कुठलाही घेतलात तरी एक लक्षात ठेवा: त्यात जमिनीसोबत झाडं, घरं, उभा ऊसही मोजला जातो आणि काही मीटरची चूक असतेच. डोंगरात ती झाकली जाते. आपल्या माळावर मात्र दोन-तीन मीटरच्या फरकाने रेषा कुठल्या कुठे भरकटते आणि वाटेत शेकडो बेटं तयार करते. तुमच्या टेबलावर पडलेला तो खच म्हणजे खऱ्या टेकड्या कमी आणि मापनातला गोंधळ जास्त.

शिवाय हा तपशील तुम्हाला कापताच येणार नाही. १:३,५०,०००वर जमिनीवरचे ३० मीटर म्हणजे नकाशावर ०.०९ मिलिमीटरसुद्धा नाहीत. लेझरचा काप स्वतःच ०.१५ ते ०.२ मिलिमीटर रुंद असतो. म्हणून क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये पहिलं काम म्हणजे रास्टर (उंचीच्या आकड्यांची चौकटी-चौकटींची जाळी) मीटरमध्ये मोजणाऱ्या यूटीएम झोन ४३ उत्तरमध्ये आणणं (ईपीएसजी ३२६४३), आणि मग सरासरी काढून ते २०० मीटरच्या चौकटींवर उतरवणं. त्यावर एकदा गॉसियन फिल्टर फिरवा, त्याने बारीक चढउतार मऊ होतात. समोच्च रेषा त्यानंतर काढा, त्याही पॉलिगन म्हणजे बंद आकृत्यांच्या स्वरूपात.

गुळगुळीत करायचं ते रास्टर, रेषा नव्हे. पुष्कळ जण कच्च्या रास्टरवरून रेषा काढतात आणि मग ‘स्मूद’ची आज्ञा देतात. तसं केलं की प्रत्येक रेषा स्वतंत्रपणे वळते आणि जिथे दोन रेषा जवळ आहेत तिथे एकमेकींना छेदते. मग वरचा थर खालच्या थराच्या बाहेर डोकावतो. गुळगुळीत रास्टरवरून काढलेल्या रेषा कधीच एकमेकींना छेदत नाहीत. नंतर ‘सिम्प्लिफाय’ करा, ५० मीटरची सूट दिली तरी ती कापाच्या रुंदीत बुडून जाते आणि फाइल हलकी होते.

उरलेली बेटं क्षेत्रफळावर गाळा. नकाशावर ५ मिलिमीटर औरसचौरस तुकडा म्हणजे जमिनीवर तीन चौरस किलोमीटर. त्याहून लहान ते सगळं काढा, तसंच थरांमधली तेवढीच लहान भोकं भरून टाका. पण डोळे मिटून नाही. बालाघाटाच्या कडेला एखादी ओळखीची टेकडी जात असेल तर ती हाताने थोडी मोठी करून ठेवा. हा नकाशा घरातली माणसं बोट फिरवून वाचणार आहेत.

नदीच्या रेषा ओपनस्ट्रीटमॅपवरून घ्या आणि पृष्ठभागावर कोरा, रुंदी अर्धा ते पाऊण मिलिमीटर. समोच्च रेषा नदीपाशी उगमाच्या दिशेने टोक करून आत वळते, नदी त्या टोकातूनच गेली पाहिजे. रास्टर गुळगुळीत केल्यावर टोक थोडं सरकतं आणि नदी थराची कड चढून जाताना दिसते. अशा जागी नदीला हात लावू नका, थराची कड सरकवा. पंढरपूरचं वळण नीट तपासा. चंद्रभागेची ती चंद्रकोर चुकली तर नकाशा बघणारा प्रत्येक माणूस पहिलं बोट तिथेच ठेवेल.

आता धरण. ४९७च्या थरात जलाशय म्हणजे मोठं भोक, पण संगणक ते तुम्हाला बंद करून देणार नाही. धरणाच्या खालचं भीमेचं पात्रही ४९७च्या खालीच आहे, त्यामुळे वरचा जलाशय आणि खालचं खोरं एकच सलग पोकळी होऊन येतात. मधली भिंत हाताने घालावी लागते. उजनीचा बांध अडीच किलोमीटर लांब, म्हणजे नकाशावर जेमतेम सात मिलिमीटर. भीमानगरपाशी दोन्ही काठांना जोडणारी पट्टी काढा आणि तिची रुंदी दीड मिलिमीटरपेक्षा कमी ठेवू नका. खऱ्या भिंतीच्या मानाने ती फार जाड आहे, मान्य. पण त्याहून बारीक पट्टी उष्णतेने जळून तुटते. जलाशयाचा काठही समोच्च रेषेवरून न घेता उपग्रहाच्या चित्रावरून किंवा ओपनस्ट्रीटमॅपवरून घ्या, कारण उंचीच्या संचात पाणी म्हणजे सपाट केलेला तुकडा असतो. काठ आणि ४९७ची रेषा जिथे विसंगत दिसतील तिथे काठ खरा मानायचा. त्या भोकात २ मिलिमीटरचं निळं अ‍ॅक्रिलिक बसवलं की पाणी काठापेक्षा एक मिलिमीटर खाली राहतं आणि धरण भरल्यासारखं दिसतं. इथे मात्र काप जातो तेवढी भरपाई द्यावी लागते. अ‍ॅक्रिलिकचा तुकडा सगळीकडून ०.१ मिलिमीटर मोठा कापून आधी टाकाऊ तुकड्यात बसवून बघा.

वडिलांसाठी आणखी एक सुचवते. उजनीचं पाणी ‘मायनसमध्ये’ गेलं की जिल्ह्याचा उन्हाळा कसा जातो हे त्यांना सांगायला नको. मृतसाठ्याची पातळी ४९१.०३ मीटर, म्हणजे शून्य टक्के. पूर्ण पातळीपासून फरक पावणेसहा मीटरचा, वेगळा थर त्यातून निघत नाही. पण पाणी शून्याच्या आसपास होतं त्या तारखेचं सेंटिनेल उपग्रहाचं चित्र शोधून त्यातला पाण्याचा काठ अ‍ॅक्रिलिकवर बारीक रेषेने कोरता येतो. एका नजरेत भरलेलं धरण आणि शून्यावरचं धरण दोन्ही दिसतात. त्या खात्यातल्या माणसाला या रेषेचं मोल सगळ्यात जास्त वाटेल.

इथवरचं थोडक्यात: आयताकृती चौकट, १:३,५०,०००, दर २० मीटरला थर, ४९७ थरावर येईल अशी मोजणी, आधी रास्टर गुळगुळीत आणि मग रेषा, धरणाची भिंत हाताने. ही तयारी झाली की मशीनवरचं काम सरळ आहे.

फाइल डीएक्सएफमध्ये काढा. तिथले मीटर लेझरच्या सॉफ्टवेअरमध्ये मिलिमीटर म्हणून वाचले जातात, म्हणून सगळं एकत्र निवडून ३५०ने भागायचं. २,१०,०००चे बरोबर ६०० मिलिमीटर होतात. थर एकेक करून लहान करू नका, तिथेच ते एकमेकांवरून सरकतात.

लाकूड काय घ्यावं हे खिशावर आणि काय मिळतं त्यावर आहे. लेझरसाठीचा बर्च प्लाय सगळ्यात चांगला, पण तो पुण्या-मुंबईहून किंवा ऑनलाइन मागवावा लागतो. इथल्या दुकानातला साधा प्लाय आत पोकळ्या असलेला निघतो आणि कापताना मध्येच एखादी जागा सुटत नाही. मरीन प्लाय, म्हणजे आयएस ७१०चा, अजिबात घेऊ नका. त्यातला काळपट फिनॉलचा गोंद लेझरला दाद देत नाही, नुसता कोळसा होतो. पैसे सांभाळायचे असतील तर ३ मिलिमीटरचं एमडीएफ घ्या. सगळीकडे एकसारखं कापलं जातं, फक्त धूर जास्त आणि लाकडाच्या रेषा दिसत नाहीत. पीव्हीसीचा फोम बोर्ड किंवा पीव्हीसीचा थर चिकटवलेला पत्रा मशीनमध्ये घालू नका. त्यातून निघणारा वायू छातीलाही वाईट आणि मशीनच्या लोखंडालाही.

प्लाय वाकण्याचं कारण बहुतेक आपली हवा. एप्रिल-मे महिन्यात पत्रा भिंतीला टेकवून उभा ठेवला की एक बाजू लवकर सुकते आणि तो कमान टाकतो. आणल्यापासून आडवा, सपाट जागी, वर वजन ठेवून राहू द्या, कापायच्या खोलीतच. थोडा वाकलेला असेल तर टेबलावर लोहचुंबकाने दाबून बसवा, नाहीतर फोकस जागोजागी बदलतो.

पॉवर-स्पीडचा तयार आकडा देत नाही, कारण तुमच्या मित्राच्या ट्यूबचं वय, लेन्सची स्वच्छता आणि प्लायचा लॉट यावर तो बदलतो. त्याच पत्र्याच्या कोपऱ्यात छोटे चौकोन वेगवेगळ्या स्पीडने कापा आणि जो हाताने न ढकलता खाली पडतो तो स्पीड घ्या, वर थोडी सवलत ठेवून. मात्र पाण्याचं तापमान बघा. ट्यूबला २० ते २५ अंशांच्या आसपासचं पाणी लागतं. नुसत्या पंख्याचा कूलर खोलीच्या तापमानाच्या खाली जाऊ शकत नाही, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी पारा ४२च्या वर जातो. कॉम्प्रेसरचा चिलर नसेल तर काम पहाटे करा. सकाळी सुटणारा प्लाय दुपारी सुटेनासा होतो, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं. आणि कापणं चालू असताना मशीनपासून उठू नका, बारीक वळणांवर ठिणगी पेट घेते.

कापण्याआधी पृष्ठभागावर मास्किंग टेप लावा, धुराचे डाग पडत नाहीत. प्रत्येक पत्र्यावर दोन गोष्टी कमी पॉवरने कोरा: त्याच्यावर येणाऱ्या पुढच्या थराची कड, आणि त्या कडेच्या आत, म्हणजे जो भाग झाकला जाणार तिथे, थराचा आकडा. सुट्या बेटांना तोच क्रमांक मागच्या बाजूने पेन्सिलने. एवढं केलं की तुकडे शोधत बसावं लागत नाही. बार्शीच्या एका भूगोलाच्या शिक्षकांसाठी असा नकाशा केला तेव्हा वर्गातल्या मुलांनीच तो जोडला, त्या कोरलेल्या कडा बघून.

लाकूड वाचवायला थर आतून पोकळ करतात, ते इथे करू नका. आपल्या नकाशात पायऱ्या फार रुंद आहेत, खाली आधार नसला की ३ मिलिमीटरचा पत्रा झोपतो.

चिकटवताना फेव्हिकॉल पातळ पसरा, ब्रशने नाही तर पट्टीने ओढून. तो पाण्यात बनलेला असल्याने जाड थर दिला की प्लाय फुगतो आणि पुन्हा वाकतो. दिसणाऱ्या कडेपासून तीन-चार मिलिमीटर आत थांबा. एका वेळी दोनच थर, चारही कोपरे गुण्याला (सुताराच्या काटकोनाला) लावून, वर सपाट फळी आणि वजन, रात्रभर. कडांवरचा काळपटपणा घासून काढू नका. तीच तुमची समोच्च रेषा आहे, दुरून खोरं तिच्यामुळे वाचता येतं. वरचा भाग ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलका घासून लाखेच्या पॉलिशचे दोन पातळ हात द्या. पॉलिश जोडणीनंतरच, कारण पॉलिशवर फेव्हिकॉल धरत नाही. निळं अ‍ॅक्रिलिक सगळ्यात शेवटी बसवा. भिंतीवर लावणार असाल तर वजन काही किलोंचं होईल, एका खिळ्यावर सोडू नका, मागे लाकडी पट्टी द्या.

पूर्ण पत्र्यांना हात लावण्याआधी फक्त भीमानगर ते करमाळा एवढा कोपरा एमडीएफमध्ये कापून बघा, ४७७, ४९७ आणि ५१७ हे तीनच थर. धरणाची पट्टी टिकते का, अ‍ॅक्रिलिक घट्ट बसतं का आणि भीमेची रेषा थरांच्या टोकांतून जाते का, हे त्यात कळेल. काही अडलं तर त्या तुकड्याचा वरून आणि बाजूने असे दोन फोटो टाका, बघून सांगते.